अंगाला बसेल असा आवाज

२ मार्च, रविवार

आज वन्संनी मला फोनवर विचारलं, "खरं सांग, तो कधी गेला?"

ज्यांच्याबद्दल विचारलं ते माझ्या शेजारी बसून मटार सोलत होते.

सगळं नीट लिहून ठेवते. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी. दृष्टी जाऊन नऊ वर्षं झाली आणि आता खुब्याचं हाड मोडल्यामुळे अंथरुणावर आहेत. इथून दोन दिवसांच्या प्रवासावर त्या लेकीकडे राहतात. दर रविवारी दहा वाजता भाऊबहिणीचा फोन, चाळीस वर्षांत चुकला नाही. डिसेंबरात ह्यांचं घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. एकतीस वर्षं बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारणाऱ्या माणसाचं! प्रवासाला जूनपर्यंत डॉक्टरांची मनाई आहे. गळ्याशी धरायचं एक यंत्र मिळतं म्हणे, पण तेही जखम पूर्ण भरल्यावर. म्हणजे एकाला बोलता येत नाही, दुसरीला वाचता येत नाही. मधे मी.

तीन महिने हे पाटीवर लिहितात आणि मी वन्संना वाचून दाखवते. अगदी जसंच्या तसं नाही. बाई, शिवणकामात उभी हयात गेली माझी, कच्च्या कडा तशाच कशा दाखवायच्या माणसाला? जरा दुमडून घेते. मागच्या रविवारी हे लिहून गेले, "तिला सांग, तुझी बडबड ऐकून इथलं मांजर उठून गेलं." मी सांगितलं, "तुमचा आवाज ऐकला की ह्यांना फार बरं वाटतं, वन्सं." त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

आज आमच्या लेकीने पाठवलेला नवा फोन होता. त्यातल्या ॲपमध्ये लिहिलं की ते बोलतं. हुशार ॲप आहे म्हणाली, आई, एकदम नैसर्गिक आवाज. ह्यांनी उत्साहाने लिहिलं, "काय गं म्हातारे, आहेस का अजून?"

ॲप म्हणालं, "नमस्कार ताई, आपली प्रकृती कशी आहे?"

आवाज गोड होता, बातम्या वाचणाऱ्यांचा असतो तसा. हे दचकले. घाईघाईने लिहिलं, "हे मी नाही बोललो!"

ॲप म्हणालं, "क्षमस्व. आपलं मन दुखवण्याचा माझा हेतू नव्हता."

ह्यांचं लिहिणं चालूच, कपाळावर घाम. तेवढ्यात ॲपमधून एक बाई किंचाळली, "आपल्या माणसांशी मनमोकळं बोला, जाहिरातींशिवाय! आजच सभासद व्हा!"

आणि मग वन्संनी तो प्रश्न विचारला.

३ मार्च, सोमवार

ह्यांनी तो फोन मोजे ठेवायच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला. सकाळपासून पाटीही कोरी.

मला त्या ॲपचा मनस्वी राग आलाय. माणसाने एक लिहायचं आणि याने दुसरंच सांगायचं? कुणाच्या तोंडचे शब्द बदलायचा अधिकार याला दिला कोणी? लेकीला फोन करून चांगलं सुनावलं. ती म्हणाली, "आई, ते शब्द बदलणं बंद करायची सोय आहे, पण ती पैसेवाल्या प्लॅनमध्ये. आणि खरं सांगू, बाबांचं बोलणं जरा सौम्य झालं तर काय बिघडलं?"

काय बिघडलं म्हणे! तिची आत्या तिच्या बापाला मेलेला समजते आहे.

६ मार्च, गुरुवार

आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे. ह्यांच्या निवृत्तीच्या वेळचा. तो उघडला की पाच मिनिटं विचार करतो आणि मग एक निळी पाटी दाखवतो की या आवृत्तीची देखभाल आता बंद, नवी आवृत्ती घ्या. घ्यायला गेलं तर दुसरी पाटी: तुमचा संगणक त्यास पात्र नाही. म्हणजे लग्न कर म्हणायचं आणि मुलगी द्यायची नाही!

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण उचललं, खाली ठेवलं.

"काकू, भंगार."

"चालतोय की."

"चालतोय हो. पण कंपनीने हात काढून घेतला ना. आता नवीनच घ्यायचा. नव्यात सगळं ऑनलाइन असतं. खातं उघडायचं, वर्षाची वर्गणी भरायची, बघायला नको."

"आणि नाही भरली?"

"मग बघायलाच नको."

मी लॅपटॉप पिशवीत घातला. हातपाय धड असलेल्या माणसाला केवळ वय झालं म्हणून पात्र नाही म्हणणारे मला आवडत नाहीत. मी अडुसष्टची आहे.

८ मार्च, शनिवार

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संगणक मंडळ भरतं, असं तिथल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. मला वाटलं शाळकरी पोरं असतील. दार उघडलं तर सहा म्हातारे आणि मध्यभागी पेचकस घेऊन उभी असलेली एक उंच बाई. ती निवृत्त परिचारिका. सगळे तिला सिस्टर म्हणतात आणि सगळे तिला घाबरतात.

सिस्टरांनी लॅपटॉप तपासला, म्हणजे अगदी नाडी धरल्यासारखा. म्हणाल्या, "यंत्राला काही झालेलं नाही. आतली व्यवस्था बदलूया. लिनक्स टाकू."

"ते काय असतं?"

"बाई, तुम्ही काय करायचात?"

"शिवणकाम. जास्त करून आल्टरेशन."

"मग सोपं आहे. बाजारातली व्यवस्था म्हणजे शिवून दिलेला कपडा. उसवायचा नाही, आत काय आहे ते बघायचं नाही. हल्ली तर विकतही देत नाहीत, भाड्याने घालायचा. लिनक्समध्ये कपड्याबरोबर तो बेतायचं पेपर कटिंगही मिळतं. तुम्ही बघा, बदला, बदललेलं दुसऱ्याला द्या."

"फुकट?"

"फुकट."

"मग त्यांचं पोट कसं भरतं?"

"कुणी नोकरी सांभाळून करतं, कुणाला कंपन्या पगार देतात. तुम्ही शेजारणीला ब्लाउजचं कटिंग कधी काढून दिलं नाही?"

दिलंय. शंभरदा दिलंय. मनातल्या मनात उडीच मारली. ज्याचं कटिंग हातात आहे ते कुणाच्याही अंगाला बसवता येतं.

९ मार्च, रविवार

वन्सं ऐकायलाच तयार नाहीत. "भोंग्या गेला. ऑपरेशनातच गेला. तुम्ही माझ्यापासून लपवताय." भोंग्या हे लहानपणापासून ह्यांचं त्यांनी ठेवलेलं नाव.

भाची, म्हणजे वन्संची लेक, म्हणाली, "अगं आई, मी व्हिडिओवर बघतेय ना, मामा समोर बसलाय."

"तूही त्यांना सामील."

ह्यांनी टेबलावर बोटाने टकटक केलं. वन्सं म्हणाल्या, "बांबू तोडताय का? कशाला?" त्या 'कशाला'नंतर त्यांना जे वाटलं असेल ते आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं आणि हे टकटक करायचे थांबले.

मग ह्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "तिला सांग, तुझ्या आधी मी मरायला मूर्ख नाही." मी सांगितलं, "वन्सं, ते म्हणताहेत, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य लाभो."

वन्सं रडायलाच लागल्या. इतकं चांगलं सांगूनही.

११ मार्च, मंगळवार

सिस्टर घरी आल्या. आधी ह्यांचे फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. "ऑपरेशनच्या आधी सामान नातेवाइकांच्या ताब्यात," म्हणाल्या. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. मधेच त्यांना दवाखान्यातून कुणाचा तरी फोन आला आणि त्या गच्चीवर गेल्या. पडद्यावर प्रश्न उभा: डिस्कमधली किती जागा वापरायची?

मला विचारलं म्हणून मी सांगितलं. कापायचं काम मला नवीन नाही. आधी कपडा अंगालगत बेतायचा आणि शिलाईच्या आत भरपूर जास्तीचं कापड सोडायचं. त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे माणूस सुटतं, तेव्हा उसवून वाढवता येतं. तसं मी लिनक्सला त्याच्या अंगापुरती जागा दिली आणि बाकी सगळी डिस्क मायेत सोडली. सिस्टर खाली आल्या तोवर पट्टी सरकत होती. त्यांनी विचारलं, "सगळं नीट भरलंत ना?" मी म्हटलं, "अगदी मापात."

अर्ध्या तासात लॅपटॉप उभा राहिला. पाच मिनिटांचा विचार पंचवीस सेकंदांवर आला. हे लांबून बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. पण सिस्टर गेल्यावर चष्मा पुसायला घेतला.

१५ मार्च, शनिवार

बोलणारा प्रोग्रॅम बसवला. त्याला मराठी येतं! इंटरनेट लागत नाही, खातं लागत नाही, जाहिरात नाही, आणि लिहाल तेच बोलतो. आवाज मात्र यंत्राचा. नाकात बोलल्यासारखा, एकसुरी.

हे किती तरी वेळ बोटं कळपाटावर ठेवून बसले. तीन महिन्यांनी पहिलं वाक्य. मी पदराला हात पुसून उभी. लॅपटॉप म्हणाला, "चहात साखर कमी आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि साखर आणली.

१६ मार्च, रविवार

आजचा दिवस लिहू नये असा, पण लिहिते.

दहाला फोन लावला. लॅपटॉप फोनजवळ. ह्यांनी लिहिलं, तो बोलला, "अक्के, मी भोंग्या."

वन्सं म्हणाल्या, "हा कोण बाई? डब्यात तोंड घालून बोलतोय."

"मीच आहे. मशीन लावलंय. आवाज मशीनचा, डोकं माझं."

वन्सं जरा थबकल्या. मला वाटलं जमलं. ह्यांनी पुढचं लिहायला घेतलं. लॅपटॉप म्हणाला, "तुला आठवतं का, आपण विहिरीव..." आणि थांबला. पडदा गोठला. पाटी आली की जागा शिल्लक नाही. मी बंद करून चालू केला तर आत घेईना.

तिकडून वन्संचा शांत आवाज आला, "गेला ना? बघ, दुसऱ्यांदा गेला."

फोन ठेवून दिला त्यांनी.

१८ मार्च, मंगळवार

सिस्टरांनी पडदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

"पाचशे जीबीतले बाराच दिलेत? बाकी?"

"माया सोडली."

"काय सोडली?"

समजावून सांगितलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की ह्यांनी पाणी आणून दिलं. "चाळीस वर्षं पेशंट पाहिले, असं दुखणं पाहिलं नव्हतं. बाई, अक्षरांचे संच आले, दुरुस्त्या आल्या, आवाज आले, सगळे त्या चोळीत कसे मावणार?"

पण माझंही अगदीच वाया गेलं नाही. सोडलेली जागा अगदी लगतच होती. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला, सिस्टरांनी कड उसवली, पुढे सरकवली, पुन्हा शिवली. एक अक्षर हरवलं नाही. "कापून टाकली असतीत तर गेलंच होतं," म्हणाल्या. तेवढं मी ऐकून घेतलं, मान जरा वर करून.

२३ मार्च, रविवार

वन्सं फोनवर आल्या नाहीत. भाचीने घेतला. म्हणाली, "मामी, आई म्हणते मेलेल्या माणसाशी बोलायचं तर मी वरच जाईन की, फोन कशाला? रात्रीचं जेवण सोडलंय तिने. आणि काल मला मामाचा फोटो भिंतीवर लावायला सांगितला."

"त्यांना दिसत नाही ना?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, त्याला तरी कळेल कुठे लावलाय ते."

हे ऐकत होते. पाटी घेतली, लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुसलं. शेवटी कोरी पाटी माझ्याकडे सरकवली. काय सांगायचं ते तूच ठरव, असं त्यांना म्हणायचं होतं की काय, कोण जाणे. दुपारभर खिडकीशी बसून होते.

२४ मार्च, सोमवार

सकाळी ह्यांच्या गळ्याशी बांधायचे नवे रुमाल शिवत होते. मऊ सुती, श्वासासाठी गळ्याला ठेवलेलं भोक झाकायला. बांधून बघताना पहिला घट्ट झाला, तो सोडवला. तेव्हा डोक्यात आलं. रुमाल दहादा बांधून बघते आणि आवाज एकदाही नाही? रेडिमेड मिळाला तसाच अंगावर चढवला? सगळी हयात लोकांचे रेडिमेड कपडे मापात बसवले, आणि ज्याचं कटिंग उघडं आहे त्याला हात लावायचं सुचू नये मला!

सिस्टरांना फोन केला. म्हणाल्या, "आवाजाच्या आकड्यांची फाइल आहे. उघडा. घाबरू नका, मूळची एक प्रत बाजूला ठेवा."

२६ मार्च, बुधवार

पहिली ट्रायल. स्वराची उंची, वेग, दोन शब्दांमधलं अंतर, सगळे आकडे. उंची खाली आणली. ह्यांनी पाटीवर लिहिलं, "जावई वाटतो."

आणखी खाली. "दारू प्यायलेला जावई."

वेग कमी केला. "मेलेला जावई. अक्कीला आवडेल."

मी म्हटलं, "अहो, हलू नका हो सारखे. ट्रायल देताना माणसाने सरळ उभं राहायचं." तेव्हा हे हसले. आवाज येत नाही हसण्याचा, खांदे हलतात नुसते. डिसेंबरनंतर आज हलले.

संध्याकाळपर्यंत खांद्यात बसला, कमरेत सैल राहिला. म्हणजे उंची जमली, पण वाक्यांत श्वास नाही. हे गाडी पुकारायचे तेव्हा गावाच्या नावाआधी अर्धा क्षण थांबत. तेवढ्यात अख्खा स्टँड खायचा थांबायचा. या आवाजाला स्वल्पविराम कळतच नव्हता.

२८ मार्च, शुक्रवार

सिस्टरांच्या सांगण्यावरून हा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या लोकांच्या चर्चापानावर परवा लिहिलं. काय हवं ते माझ्या भाषेत लिहिलं, इंग्रजी त्यांनी केलं. मला वाटलं, कोण विचारतंय एका शिंपिणीला. आज उत्तर! कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसाने फाइलच्या तीन ओळी बदलून पाठवल्या. सोबत लिहिलं होतं की माझ्याकडे आत्ता सकाळ आहे, कामाला जायच्या आधी करून टाकलं, आजोबांना नमस्कार सांगा.

तीन ओळी घातल्या. ह्यांनी एका जुन्या गाडीचं नाव लिहिलं. लॅपटॉप म्हणाला, "फलाट क्रमांक चारवरून सुटणारी गाडी," आणि थांबला.

मी हातातली कात्री खाली ठेवली.

मग त्याने गावाचं नाव घेतलं.

१ एप्रिल, मंगळवार

आवाज मापात बसला, पण गाडी अडली आहे. हे एका बोटाने टाइप करतात. "नाही" म्हणायला चार सेकंद. वन्सं समोर असत्या तर थांबल्या असत्या. फोनवर चार सेकंद म्हणजे माणूस गेला.

लिनक्समध्ये कळपाटावरच्या बटणांना आपली वाक्यं जोडता येतात. दाबलं की लगेच बोलायचं. मी छान यादी केली: "हो ना." "बरोबर आहे तुमचं." "काळजी घ्या." "आठवण येते." रंगीत कापडाचे तुकडे कापून बटणांवर चिकटवायचं ठरवलं, म्हणजे न बघता सापडावीत.

ह्यांनी यादी वाचली. लाल पेन घेऊन सगळी खोडली, शाळामास्तरांसारखी. खाली आपली लिहिली:

खोटं!
थांब!
तुला कोणी सांगितलं?
पुढे सरका.

"अहो, एवढंच? बहिणीशी बोलायचंय की भांडायचंय?"

पाटीवर उत्तर आलं, "वेगळं असतं?"

मी "आठवण येते" एका बटणावर तरी ठेवा म्हटलं. नाही म्हणाले. सौम्य एकही नाही. मला पटलं नाही, पण आवाज त्यांचा आहे. लाल कापड "खोटं"ला, निळं "थांब"ला.

६ एप्रिल, रविवार

दहाला भाचीला फोन लावला. ती हळूच म्हणाली, "मामी, आई घेणार नाही. पण मी फोन तिच्या उशाशी ठेवते. तू बोल काहीतरी."

मी बोलले. वन्सं, कशा आहात, पाय कसा आहे.

"पायाचं काय घेऊन बसलीस. माझा भाऊ गेला." त्या दिवशीसारखं रडणं नव्हतं. थकलेला, बसका आवाज. "तुला म्हणून सांगते, फार गुणी होता गं. शाळेत कायम पहिला."

ह्यांचा हात लाल बटणावर गेला.

"खोटं!" लॅपटॉप म्हणाला.

वन्सं थांबल्या नाहीत. ऐकू आलं की नाही कळेना. "मी विहिरीत पडले तेव्हा त्यानेच उडी मारली. जराही घाबरला नाही."

"खोटं!"

"माझ्या लग्नात ढसाढसा रडला, कुणाला आवरेना..."

"खोटं! खोटं!"

"आणि एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण मला कधी मधेच तोड..."

"खोटं!"

"अरे मेल्या, बोलू देशील का मला!"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, त्याचा काटा ऐकू येत होता. ह्यांनी बटणावरून हात उचलला होता, हवेतच धरला होता.

"भोंग्या?"

हे टाइप करायला लागले. एक एक अक्षर. मला वाटलं आता पुन्हा उशीर होणार, पुन्हा गेला म्हणतील. पण वन्सं थांबून राहिल्या. माझ्या माहितीत पहिल्यांदा.

लॅपटॉप म्हणाला, "लग्नात रडलो नव्हतो," आणि अर्धा क्षण थांबला, "डोळ्यात काहीतरी गेलं होतं."

"दोन्ही डोळ्यांत?"

"हो."

"अर्धा तास?"

"थांब!"

"तू थांब! आणि विहिरीत तू उडी मारलीस नाही तर कोणी मारली?"

"तूच मला ढकललंस. काढायला दूधवाला आला."

"तुला कोणी सांगितलं?" वन्सं ओरडल्या, आणि त्याच वेळी ह्यांनी तेच बटण दाबलं, "तुला कोणी सांगितलं?" दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. मागे भाची हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं.

वन्सं म्हणाल्या, "आवाज काय हा तुझा, घोगरा मेला."

ह्यांनी लिहिलं, "बायकोने शिवलाय."

आता दोघं फारच भांडतील असं वाटून मी मधे पडले. म्हटलं, "वन्सं, त्यांना म्हणायचंय की तुमचा आवाज ऐकून..."

"तू थांब गं जरा," तिकडून वन्सं.

"थांब!" इकडून निळं बटण.

मी थांबले. चार महिन्यांत मला इतकं सरळ कुणी गप्प केलं नव्हतं. जरा वाईटच वाटलं, खोटं कशाला लिहू. एवढी वाक्यं मी दोघांच्या मधे नीट करून दिली. पण उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. वन्संनी जेवण मागवलं, ते खात खात बोलत होत्या. हे घास गिळायलाही वेळ देत नव्हते. पुढे सरका, पुढे सरका. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले.

बाराला एकदम शांत झालं. मी धावत आले. तिकडच्या फोनची बॅटरी संपली होती. हे लाल होऊन बसले होते. पाटी ओढली आणि लिहिलं, "हरत होती म्हणून ठेवला."

मी काही म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला.